आईने केलेलं बाळंतपण

ऑपरेशन करून मी पुण्याहून कोल्हापूरला परत आले आणि दुसऱ्याच दिवशी आई एसटीने येऊन दारात उभी राहिली. डोक्यावर पोतं. पोत्यातून तिने एकेक वस्तू काढली. लोखंडी शेगडी, कोळसे, ओवा, बाळंतशेपा, डिंक, खारका, जुन्या लुगड्यांच्या धुऊन केलेल्या घड्या. माझ्याकडे तिने नीट पाहिलंसुद्धा नाही. "उभारू नगंस, आडवी हो," एवढं म्हणाली आणि स्वयंपाकघर शोधायला लागली. माझं घर दोन खोल्यांचं. तिथे स्वयंपाकघर शोधावं लागत नाही. पण तिला तेव्हा माझ्याखेरीज दुसरीकडे कुठेतरी बघायचं होतं.

मी तिच्या पोटी मुलगा म्हणून जन्मले. आमचं गाव शाहूवाडीकडच्या डोंगरात. भातशेती, दोन म्हशी, थोरला भाऊ. माझं काय ते घरात कळलं तेव्हा भावाने मला हाकलून दिलं नाही, फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं. ज्या घरात आपल्याशी कोणी बोलत नाही तिथून माणूस आपल्या पायांनीच निघतं. मी कोल्हापुरात आले, ब्लाउज शिवायला शिकले, मंगळवार पेठेत खोली घेतली. गिऱ्हाइकं टिकली, कारण माझा हात चांगला आहे आणि जीभ तिखट असली तरी मी कापड चोरत नाही. आई रानातून चोरून फोन करायची. जेवण झालं का, पाऊस हाय का, एवढंच. ऑपरेशनचं मी तिला फोनवरच सांगितलं. "मी बाईचं ऑपरेशन करून घेतेय," म्हणाले.  तिने विचारलं, "कवा?" त्यापुढे काही नाही. ती येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी करतो' असंच म्हणतात, आई तर म्हणतेच. पुण्याच्या दवाखान्यात माझ्या तोंडून सवयीने तसं निसटलं की नर्स दचकायची, तिला वाटायचं माझं मन बदललं. कोल्हापुरात कोणी दचकत नाही. तेवढी एक सोय गावाने आधीच करून ठेवली होती.

पुण्याहून निघताना त्याच नर्सने मला एक कापडी पिशवी दिली होती. तिच्यात डायलेटर होते, कडक प्लास्टिकच्या गुळगुळीत कांड्या, बारीक ते जाड. ऑपरेशनने जो नवा मार्ग तयार केला होता तो उघडा राहावा म्हणून रोज, दिवसातून चार वेळा, ती कांडी आत घालून पडून राहायचं. "हे चुकवायचं नाही," ती म्हणाली. "दुखलं, कंटाळा आला, पाहुणे आले, तरी नाही. एकदा आकसलं की परत मिळवणं फार अवघड." मी मान डोलावली. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा मान डोलावली.

आईने आयुष्यात कितीतरी बाळंतपणं केली होती. नणंदांची, सुनेची, भावकीतल्या पोरींची. कमरेखालच्या जखमेबद्दल तिला हे एकच शास्त्र ठाऊक होतं आणि त्यात ती पक्की होती. सव्वा महिना उठायचं नाही. कानाला रुमाल, पोटाला पट्टा. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा-शेपा टाकून धुरी. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी शेपूची भाजी आणि भाकरी, तूप तर विचारूच नका. माझ्या नवारीच्या कॉटखाली तिने शेगडी सरकवली तेव्हा मी म्हणाले, "आई, मला काय पोर झालंय का?" ती म्हणाली, "गप पड. ओलं अंग हाय. वारं लागलं की जलमाचं दुखणं लागंल."

मी हसले. हसताना टाके ओढले गेले, तरी हसले. शिकलेली माणसं यावर नाक मुरडतील, पण त्या धुरात पडून माझ्या मनात काय चाललं होतं ते त्यांना कळायचं नाही. आमच्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते. सासरी कितीही राबलेली असो, तो सव्वा महिना तिला कोणी पाण्याचा तांब्या उचलू देत नाही. आईने माझ्यासाठी माहेरच पोत्यात बांधून आणलं होतं. माझ्या पायाला तेल लावताना ती मला 'पोरी' म्हणाली, आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले.

कांड्या तिने पहिल्याच दिवशी पाहिल्या. मी पाठ करून पडले होते, ती लाडू घेऊन आत आली आणि तिच्या हातातली वाटी खाली पडली. "ओल्या जखमंत घालत्यात व्हय असलं काय?"  मी समजावलं, डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणाले. ती ऐकेना. "डागदर सांगायला काय जातंय. त्यास्नी काय दुखतंय? आधी जखम भरू दे, मग तुला काय करायचं ते कर." मला दुखत होतंच. खूप दुखत होतं. दर वेळी डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्या दिवशी मी म्हटलं, आज राहू दे. दुसऱ्या दिवशी आईने पिशवी कपाटावर ठेवली, मला हात पुरणार नाही अशी. मी मागू शकले असते. स्टूल घेऊन काढूही शकले असते. पण मागितलं असतं तर ती पुन्हा माझ्यापासून दूर जाईल, शेगडी उचलून एसटी धरेल, अशी भीती मला वाटत होती. मार्ग आणि आई यांतलं एक निवडायचं होतं. मी आई निवडली, आणि मनाला समजावलं की सव्वा महिन्याने सुरू केलं तरी चालेल.

सव्वा महिना व्हायच्या आधीच रक्त यायला लागलं. थोडंच, पण रोज, आणि त्याला वास. मग लघवीची धार बारीक झाली. आधी वाकडी जायची, मग दोऱ्यासारखी झाली, मग थेंब. मी स्टूल घेऊन पिशवी काढली. सगळ्यात बारीक कांडी आत जाईना. बोटाचं टोक गेलं आणि पुढे भिंत लागावी तसं झालं. मी बाथरूमच्या फरशीवर बसून राहिले. आई बाहेरून दार वाजवत होती, मी आतून "काही नाही" म्हणत होते.

पुण्याला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, डॉक्टर परदेशात गेलेत, फोटो पाठवा, ते बघतील. मी स्टुलावर पाय ठेवून, मोबाईल खाली धरून स्वतःचा फोटो काढला. कोणाला पाठवतेय, कोण कोण बघणार, काही माहीत नव्हतं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. मी म्हणाले, माझी लघवी अडतेय. ती म्हणाली, मग जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

जवळच्या डॉक्टरांना दाखवलं. एका मोठ्या बायकांच्या दवाखान्यात बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पण खुर्चीवरून उठल्या नाहीत. "हे आमच्याकडचं काम नाही," म्हणाल्या. "लघवीच्या डॉक्टरांकडे जा." लघवीच्या डॉक्टरांनीही पडदा ओढला नाही. औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "हे बायकांच्या डॉक्टरांनीच बघायला पाहिजे." बायकांची डॉक्टर म्हणते हे बायकांचं नाही आणि पुरुष डॉक्टर म्हणतो हे बायकांचंच आहे. एवढं दुखत नसतं तर मी दोघांना समोरासमोर बसवून त्यांचं भांडण लावून दिलं असतं. आयुष्यभर हेच ऐकत आले होते, फक्त इथे त्याचे पैसे द्यावे लागले. मी खरोखर भ्याले ते त्या दिवशी. आजवर मला लोकांनी नावं ठेवली, ते सोसता येतं. पण दुखतंय तिथे बघायलाच कोणी तयार नाही, हे सोसता येत नाही.

घरी आल्यावर पोट फुगलेलं, थेंब नाही. आई माझ्याकडे बघत उभी राहिली, मग पदर खोचून म्हणाली, "चल. सूनबाईला नेलतो त्या बाईकडं." वहिनीची दोन्ही बाळंतपणं झाली तो लहानसा दवाखाना. मी म्हणाले, तिथेही हाकलतील. ती म्हणाली, "हाकलू दे की. बघतो कसं हाकलत्यात."

रिक्षात मला बसता येईना, आईच्या मांडीवर आडवी झाले. दवाखान्यात बाकडी भरलेली. पोटुशा बायका, त्यांच्या सासवा, नंबराची वाट. आईने मला दाराशी धरून उभं केलं आणि कोल्हापूरकराच्या मोठ्या आवाजात सांगितलं, "जागा द्या जरा. ओली बाळंतीण हाय. लघवी अडलीया." बाळंतिणीला आमच्याकडे कोणी ताटकळत ठेवत नाही. अख्खं बाकडं रिकामं झालं. एकीने स्वतःची शाल माझ्या खाली घातली. एका म्हातारीने विचारलं, "काय झालं वो? मुलगा का मुलगी?"

"पोरगी," आई म्हणाली.

मला त्या क्षणी तिचा संताप आला. एवढ्या दुखण्यात हिला खोटं सुचतंय म्हणून. आत जाईपर्यंत मी दात आवळून तिचा हात झटकत होते. त्या एका शब्दाबद्दल विचार करायला मला पुढे पुष्कळ दिवस मिळाले.

डॉक्टरबाई वयस्कर होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं, मुलगा म्हणून जन्म, ऑपरेशन, पुणे, सगळं, म्हणजे हाकलायचं तर लगेच हाकलून मोकळ्या होतील. त्या म्हणाल्या, "झोप टेबलावर." पडदा ओढला, हातमोजे घातले, दिवा खाली केला. नीट तपासलं. मग म्हणाल्या, "असं ऑपरेशन मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण जखम मला कळते, आणि जे कळत नाही ते विचारता येतं." आधी त्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली. मी मोठ्याने रडले, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. मग त्यांनी कुठून कुठून ओळखी काढून पुण्याच्या डॉक्टरांचा परदेशातला फोन मिळवला आणि माझ्यासमोरच बोलल्या. मी ज्याला इतके दिवस गाठू शकले नव्हते तो माणूस त्यांच्याशी लगेच बोलला. त्याचाही मला राग आला, पण तो गिळला.

फोन ठेवून त्यांनी विचारलं, "डायलेटर रोज घालत होतीस?"

आई पडद्याशी उभी होती. मी म्हणाले, "दुखायचं. म्हणून मीच बंद केलं."

"शिकलेली दिसतेस," बाई कडक आवाजात म्हणाल्या. "सांगितलेलं असताना बंद केलंस? शरीर कोणाचं आहे हे?"

"तिला बोलू नगा," आई मधेच म्हणाली. "मी बंद केलंया. पिशवी मी वर ठेवली. मी तिचं बाळंतपण करत हुतो."

बाई तिच्याकडे वळल्या. आईने मग सगळं सांगितलं, शेगडी, धुरी, सव्वा महिना, लाडूसुद्धा. काही लपवलं नाही. मला वाटलं आता बाई तिला फाडून खातील. त्या हातमोजे काढत म्हणाल्या, "मावशी, पोरीचे कान टोचले की भोकात काडी का घालता?"

"बुजू नये म्हणून की."

"ओल्या जखमेतच घालता ना?"

 आईला कळलं होतं. बाईंना पुढे काही समजावायची गरज पडली नाही. आमच्या गावात कित्येक पोरींच्या कानात कडुनिंबाची काडी तिनेच घातली असेल, त्या रडत असताना, त्यांचं डोकं मांडीत दाबून धरून. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात धरला. मी टेबलावर उताणी, पाय अडकवलेले, मला उठून तिच्याकडे जाता येईना.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन त्यांनी मार्ग मोकळा केला. सोबत लघवीचे एक तरुण डॉक्टर बोलावले होते, आणि पुण्याच्या डॉक्टरांना मोबाईलवर बघत ठेवलं होतं. आत जखमेवर जादा लाल मांस वाढलं होतं, रक्त त्याचंच होतं, ते जाळलं. मी शुद्धीवर आल्यावर बाई खुर्ची ओढून बसल्या. मार्ग वाचलाय, म्हणाल्या, अजून महिना गेला असता तर काही उरलं नसतं. पण आतला शेवटचा भाग चिकटला होता तो गेला. तो हवा असेल तर पुन्हा मोठं ऑपरेशन, आणि ते माझ्या अंगाला झेपायचं नाही. "आहे ते राखायचं," म्हणाल्या. "चुकवायचं नाही." आई तेव्हा खोलीत नव्हती. मी ठरवलं, हे तिला सांगायचं नाही.

घरी आल्यावर शेगडी पुन्हा पोत्यात गेली. दिवसातून चार वेळा मी कांडी घालून पडायचे. आई तेवढा वेळ बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसायची, रस्त्याकडे तोंड करून, कोणी गिऱ्हाईक आलं तर परतवून लावायला. माझं कण्हणं तिला ऐकवायचं नाही, म्हणून ती शेजारणीशी म्हशीच्या गोष्टी मोठमोठ्याने बोलायची. एकदा मी हातातली कांडी भिंतीवर फेकली आणि ओरडले, मला नको हे, बुजू दे. उंबऱ्यावरचं बोलणं थांबलं. थोड्या वेळाने तिने आत येऊन कांडी उचलली, धुतली, उकळली, माझ्या उशाशी ठेवली आणि परत बाहेर गेली.

एका दुपारी मी मशीनवर बसून बघत होते, जमतं का ते. ती काजाबटणं करता करता म्हणाली, "किती गेलं?"

"काय किती गेलं? सगळं नीट आहे."

"खोटं बोलू नगंस. डागदरीनबाई तुला सांगत हुती तवा मी दाराभाईर हुतो."

म्हणजे इतके दिवस तिला माहीत होतं. मी मशीन थांबवलं. तर्जनी तिच्यापुढे धरली आणि अंगठ्याने दोन पेरं दाखवली. तिने सुई ठेवली, माझं बोट हातात घेतलं आणि ती दोन पेरं स्वतःच्या चिमटीत धरून बसली.  तिचे हात शेणामातीने कायमचे खरखरीत झालेले आहेत.

"पोरगी म्हणून वाढवायचं ऱ्हाऊनच गेलं," ती म्हणाली, "आणि एकदम बाळंतपण करायला बसलो."

मी तिला जवळ घेतलं. आमच्यात तशी पद्धत नाही. तिचं अंग आखडलं, पण ती सरकली नाही. तुझी चूक नाही, असं मला म्हणता आलं नाही, कारण चूक तिची होती, आणि माझीही होती. तिचं प्रेम मला इतक्या उशिरा मिळालं होतं की ते घेताना मी काहीच तपासून घेतलं नाही. हे तिला सांगितलं. तिला किती कळलं कोण जाणे.

"उरलंय किती?" तिने विचारलं.

मी बोटावर दाखवलं.

"मग हाय की," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "चल. येळ झाली."

मी आत जाऊन पडले. ती उंबऱ्याकडे गेली नाही. दार लावून आली, माझ्या उशाशी बसली आणि हात हातात धरला. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त दुखलं. मी "आई गं" म्हणून ओरडले. ती रडत होती, पण बास कर म्हणाली नाही.